खण मोडू नका, निदान या पावसात तरी

तुमच्या पोस्टमधला फोटो बघून थोडा वेळ गप्पच बसले. जुळे सोलापुरातली गच्ची, तीन खणांचं टेबल एप्रिलात हौसेनं सुरू केलेलं, जुलैपासून तिन्ही खण गच्च बसलेले, वरची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली, पॉलिशचा डबा सीलबंद, आणि टेबलाच्या सांगाड्यावर कुणीतरी वाळत टाकलेली छत्री. वर तुमचा प्रश्न: सगळे खण सोडवून नव्यानं करू, की भंगारवाल्याला देऊन मोकळा होऊ? माझ्याकडे छत्रीच्या जागी आत्यांच्या (सासूबाईंच्या) कुरडया असायच्या. बाकी फोटो माझाच म्हणून खपला असता.

आधीच सांगते, मी सुतार नाही. दिवसभर औषधाच्या दुकानात बसते आणि रविवारी हे उद्योग करते, कुणाच्या हाताखाली शिकलेली नाही. त्यामुळं पुढचं सगळं माझ्या घरापुरतं खरं समजा. इथं जाणकार आहेत, चुकलं तर त्यांनी कान पकडावा. गुण्या (काटकोन तपासायचा) कसा धरायचा, फेविकॉल कुठला वापरायचा हे सांगत बसत नाही. तुमचे सांधे माझ्यापेक्षा सरळ आहेत.

माझं होतं सहा खणांचं कपाट, शिलाईच्या सामानासाठी. साल 2017. साखर पेठेत ओळखीच्या एका घरातला हातमाग मोडीत निघाला आणि त्याचं सागवान मला स्वस्तात मिळालं. हाताला तेलकट लागणारं, काळसर, वजनदार लाकूड. चिरायला नेलं तर करवतवाल्यानं पहिल्यांदा परतच पाठवलं, "आधी खिळे काढून आणा." (जुनं लाकूड घेत असाल तर भंगारातल्या स्पीकरचं चुंबक जवळ ठेवा. आत तुटून राहिलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, रंध्याच्या पात्याला बरोबर सापडतो.) दुसऱ्या खेपेला चिरता चिरता तो म्हणाला, "ताई, साठ वर्षं वाळलेलं लाकूड आहे हे, आता कशाला हलतंय?" मला ते वाक्य इतकं पटलं की मी ते चार जणांना ऐकवलंसुद्धा.

ते साफ चूक आहे. लाकूड कितीही जुनं असू द्या, हवेतला ओलावा ते घेतं आणि सोडतं. वाळलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते आणि ऑगस्टात ती 60 ते 80 च्या घरात असते. एवढ्या फरकात सहा इंच रुंदीची सागवानी फळी दीड-दोन मिलिमीटर सहज फुगते. लांबीत नाही, रुंदीत, म्हणजे रेषांना आडवी. खणाच्या बाजूच्या फळ्या आपण कडेवर उभ्या लावतो, रेषा आडव्या ठेवून, त्यामुळं ती सगळी फूग खणाच्या उंचीत जाते. आणि सागवान तर यात सोज्वळ, पुष्कळ लाकडं याहून जास्त हलतात.

आता मी काय केलं ते बघा. मे महिना, 43 अंश, गच्चीवर पत्र्याची शेड. फेविकॉल लावून फळी जुळवेपर्यंत त्यावर साय धरायची. त्या भट्टीत बसून मी सहाच्या सहा खण असे बसवले की वर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट. मामांना (सासऱ्यांना) बोलावून दाखवलं. एक खण आत ढकलला की आतली हवा दाबून शेजारचा खण हळूच बाहेर यायचा. मामा म्हणाले, "वा, मशिनीनं केल्यासारखं." त्या एका वाक्यावर मी दोन महिने हवेत होते.

ऑगस्टात सहापैकी चार खण उघडेनात. एकाची मूठ ओढता ओढता माझ्या हातात आली.

इथपर्यंत सगळ्यांचंच होतं. फट कमी ठेवली ही चूक खरी, पण ती पाच मिनिटांची चूक होती. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर ते खण आपोआप सैल झाले असते, मग वरच्या कडेवरून रंध्याचे दोन-तीन हात आणि विषय संपला असता. मला मात्र त्या कपाटाकडे बघवेना. ज्या वस्तूचं मामांनी कौतुक केलं ती अडकून बसलीय, हे कुणाला दिसायला नको होतं. एका रविवारी मी मागची पाठ काढली, खण मागून ठोकून बाहेर काढले आणि हातोडी आणि ठोकळा घेऊन सहाही खण मोडले. अडकलेले चार आणि चांगले चालणारे दोनसुद्धा, कारण "करायचं तर सगळं एकसारखं करू." फेविकॉलनं धरलेले सांधे सरळ सुटत नाहीत, दोन फळ्या त्यातच उभ्या फाटल्या. बाकीच्या मी नीट घासून, स्वच्छ करून, पोत्यात भरून ठेवल्या.

घासून. हाच शब्द मला सहा वर्षं पडला. कुठली फळी कुठल्या खणाची, डावी की उजवी, वरची बाजू कुठली, हे सगळं पेन्सिलीनं त्या फळ्यांवरच लिहिलेलं होतं. काचकागदानं ते मीच पुसलं. पंधरा दिवसांनी पोतं उघडलं तर समोर बावीस फळ्या, सगळ्या जवळजवळ सारख्या, एकही दुसरीशी नक्की जुळेना. हातानं केलेल्या खणात प्रत्येक फळी केसभर वेगळी असते, तुम्हाला माहीतच आहे. तास-दीड तास जुळवत बसले आणि पोतं परत बांधलं.

त्यानंतर दर वर्षी मी म्हणायची, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आत पूर्ण करते. गड्डा यायचा, नंदीध्वजांची मिरवणूक बघून यायची, पोतं तिथंच. कोरोनात गड्डाच भरला नाही, तेवढा काळ सवलतीत गेला.

लोक म्हणतात वेळ मिळत नाही. मला हे पटत नाही, रागावू नका. या वर्षांत मी दोन पाट, एक चपलांचा रॅक आणि भाचीसाठी पाटी ठेवायचा स्टँड केला. वेळ होता. पोतं उघडल्यावर पहिलं काय करायचं ते माहीत नव्हतं. रविवारी सकाळी दोन तास मोकळे असतात, त्यातही पाण्याचा दिवस आला तर तेही नाहीत (काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात सुतारकामाचं वेळापत्रक नळ ठरवतो). त्या दोन तासांतला पहिला तास "आपण कुठं होतो?" यात गेला की माणूस नवीन काहीतरी काढतो. नव्या कामात कुठं होतो हे आठवावं लागत नाही. अर्ध्यावर पडलेली माझी बाकीची दोन कामंही अशाच जागी थांबली होती, त्यामुळं माझा तरी यावर ठाम विश्वास आहे.

मधे एक बहाणा मी विकतसुद्धा आणला. म्हटलं हाताच्या रंध्यानं हे होणार नाही, विजेचा रंधा पाहिजे. घेतला, आणि दोन महिन्यांत त्याचा पट्टा तुटला. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, पण गावातल्या गावात त्यांनी मला पाच महिने फिरवलं. पहिल्यांदा बिलावर दुकानाचा शिक्का नाही. शिक्का घेऊन गेले तर वॉरंटी कार्डावर तारीख नाही. तारीख घालून नेली तर "साहेब पुण्याला गेलेत." शेवटी मशीन मिळालं, "पट्टा बदललाय मॅडम." घरी येऊन झाकण उघडलं तर आत तोच दोरे सुटलेला पट्टा, मधे चिकटवलेला! परत गेले नाही. दुकानात माझ्याकडे कुणी साधी खोकल्याची बाटली बदलायला आलं तरी मी त्यांना असं फिरवत नाही, असो. पण खरं सांगायचं तर त्या पाच महिन्यांत हाताचा रंधा धार लावून खुंटीला टांगलेला होता आणि मी आरामात "मशीन दुरुस्तीला आहे" म्हणत होते. त्यामुळं तुम्ही पोस्टच्या शेवटी जे हळूच विचारलंय, राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) घ्यावा का, त्याला माझं उत्तर: हे टेबल होईपर्यंत नको. नंतर दोन घ्या.

तर तुमच्या खणांचं. जे अडकलेत ते मुठीला धरून ओढू नका, मूठ येईल. पाठ अजून ठोकलेली दिसत नाही, तेव्हा मागून तळव्यानं ढकला. निघाले की घरातल्या कोरड्या खोलीत आठवडाभर आडवे ठेवा. उन्हात नको, एका बाजूनं ऊन लागलं की फळी वाकते. खणाच्या वरच्या कडांना खडू फासून अलगद आत-बाहेर करा, जिथं खडू पुसला जाईल तिथंच घासतंय. ती जागा पेन्सिलीनं दाखवून ठेवा आणि रंधा मात्र आत्ता लावू नका. ऑगस्टात पळतील इतके तासले तर मार्चमध्ये खुळखुळ्यासारखे वाजतील. दिवाळीनंतर बघा. फारच अडलं असेल तर एखादा हात मारा, त्याहून जास्त नाही. खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा, त्यानं निम्मी तक्रार जाते.

पुढच्या वेळेसाठी, मे महिन्यात खण बसवत असाल तर सहा इंची फळीला वर दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा. दिसायला ढिलं दिसतं, दिसू द्या. भर पावसात बसवत असाल तर कागदाएवढी फट पुरते, कारण तिथून लाकूड आकसणारच आहे.

पॉलिशचा डबा बंद आहे ते बरंच आहे. दमट हवेत चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पांढरट पडतं. दसऱ्यानंतर काढा. आणि आतूनही एक हात द्या, फक्त बाहेरून चकाचक करू नका. त्यानं ओलावा थांबत नाही, पण आत-बाहेर जायला वेळ लागतो. घासताना तोंडाला मास्क लावाच. सागाच्या भुशानं मला आठवडा आठवडा शिंका यायच्या आणि मी ती सर्दी समजून आमच्याच दुकानातल्या गोळ्या खात होते.

माझं कपाट 2024 च्या गड्ड्याला उभं राहिलं. बावीस फळ्यांतून पाच खण जमले. त्यातला एक अजूनही जरा तिरका चालतो. सहावा जमलाच नाही, तिथं उघडा कप्पा ठेवला. आत्यांनी पहिल्याच दिवशी त्यात त्यांचा चष्मा आणि पोथी ठेवली आणि आता तो कप्पा त्यांचा. त्या जागी खण होता हे कुणालाही सांगावं लागतं.

तुमचे तीन खण अजून मोडलेले नाहीत. आज फक्त एवढं करा: प्रत्येक खणाच्या तळाला, खालून, मार्करनं आकडा आणि "पुढची बाजू" लिहा, आणि टेबलात जिथं तो बसतो तिथंही तोच आकडा. बाजूच्या फळ्यांवर लिहाल तर माझ्यासारखे घासून टाकाल. मग एका चिठ्ठीवर पुढचं एकच काम लिहून ती पहिल्या खणात टाका. "टेबल पूर्ण करणे" असं लिहू नका. "मधल्या खणाची डावी कड, मागून चार बोटांवर घासतेय, दिवाळीनंतर रंधा" असं लिहा. आणि मधला खण मागून कसा दिसतो त्याचा एक फोटो टाका, मला त्याच्या रेषा उभ्या वाटताहेत, तसं असेल तर वेगळं सांगावं लागेल.