‘शाश्वत वापर’ की ‘पुरवून वापर’?

बडोद्यातील एका शिक्षिका शाळेच्या प्रदर्शनासाठी गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत फलक तयार करीत आहेत. इंग्रजीत ‘सस्टेनेबल’ म्हणतात त्या एकाच कल्पनेसाठी त्यांच्यापुढे गुजरातीत ‘टकाउ’, हिंदीत ‘सतत’ आणि मराठीत ‘शाश्वत’ असे तीन निराळे शब्द आले. ‘नैसर्गिक साधनसंपत्तीचा शाश्वत वापर करा’ हे वाक्य बरोबर आहे काय, आणि जी संपत्ती संपत चालली म्हणून आपल्याला चिंता वाटते तिच्या वापराला ‘शाश्वत’ कसे म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत प्रथम सांगतो. फलकाच्या शीर्षकात ‘शाश्वत’ राहू द्यावा. मात्र लोकांनी काय करावे हे जिथे सांगायचे आहे, तिथे तो वापरू नये, कारण तिथे मराठीत त्याहून नेमके क्रियापद घरोघर वापरात आहे.

‘शाश्वत’ हा ‘शश्वत्’ म्हणजे ‘नेहमी, सदैव’ या अव्ययापासून झालेला शब्द आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो’ असे आत्म्याचे वर्णन येते, म्हणजे ज्याला जन्म नाही आणि अंतही नाही अशा वस्तूचे हे विशेषण आहे. हे विशेषण जंगलाला, विहिरीच्या पाण्याला किंवा कोळशाला लावताना अडखळायला होते, हे प्रश्नकर्तीचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही मराठीत याच शब्दापासून ‘शाश्वती’ हे नाम आले आणि त्याचा अर्थ ‘खात्री, भरवसा’ असा झाला. ‘उद्याची शाश्वती नाही’ असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे मराठी कानाला ‘शाश्वत विकास’ म्हणजे केवळ अनंतकाळचा विकास असे वाटत नाही, ज्याचा भरवसा धरता येईल असा विकास हा अर्थही त्यात ऐकू येतो. शिवाय संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेली १७ उद्दिष्टे मराठीत ‘शाश्वत विकास ध्येये’ याच नावाने ओळखली जातात. रूढ झालेले नाव मोडण्यात काही लाभ नाही.

हिंदीतला ‘सतत’ (सम् + तत, म्हणजे ताणलेला, न तुटलेला) फक्त अखंडपणा सांगतो, आणि मराठीत ‘सतत वापर’ म्हटले तर उलटाच अर्थ होईल. ‘टिकाऊ’ आपण कापडाला, भांड्याला, रस्त्याला म्हणतो. टिकते ती वस्तू, वापर नव्हे.

या कल्पनेचा उगम पाहिला की कोणता शब्द जवळचा आहे ते कळते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली वनशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडासाठी जंगले तुटत चालली होती, आणि तोड व नवी वाढ यांचा मेळ राखला नाही तर भट्ट्याच थंड पडतील, हे त्यांनी ओळखले होते. मराठीत आपण हेच मुद्दलाला हात न लावता व्याजावर भागवणे म्हणतो. पुढे १९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या दिली तिचा आशय असा, की आजच्या लोकांच्या गरजा भागाव्यात, पण पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची क्षमता त्यामुळे कमी होऊ नये.

आता ‘पुरणे’ हे क्रियापद पाहा. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वैशाखात कैरीचे लोणचे घातले की आई चिनी मातीच्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधताना म्हणत असे, ‘पुढच्या कैऱ्या येईपर्यंत पुरवायचं आहे.’ त्या वाक्यात ‘खाऊ नका’ असे कुठेही नव्हते. ताटात फोड रोज पडत असे, मात्र लाकडी चमचा बरणीत किती खोल जाईल हे पुढच्या वैशाखावरून ठरत असे. व्याकरणाच्या दृष्टीने या क्रियापदाला दोन गोष्टींची अपेक्षा असते, कोणाला आणि कुठवर: ‘भाकरी चौघांना पुरली’, ‘तेल महिनाभर पुरले’. ब्रुंटलँड आयोगाच्या व्याख्येतही याच दोन गोष्टी आहेत, आजची माणसे आणि पुढच्या पिढ्या. ‘शाश्वत’ हे विशेषण असा कोणताही प्रश्न उपस्थित करीत नाही. ते लावले की वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटते आणि हिशेब राहून जातो. ‘पुरवून वापरा’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘किती दिवस?’

याच कुळात ‘पुरवठा’, ‘पुरेसा’, ‘अपुरा’ आणि ‘पुरे’ हे शब्द आहेत, आणि त्यांच्यामागे ‘भरणे’ या अर्थाचे संस्कृत ‘पूर्’ आहे. मागणी भागवणारा ‘पुरवठा’ आणि वाढणाऱ्याचा हात थांबवणारा ‘पुरे’ हे दोन्ही एकाच मुळापासून यावेत, हे मला फार मोलाचे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी काढल्या जाणाऱ्या कच्च्या मालाचे (खनिजे, इंधने, लाकूड, पिके वगैरेंचे) प्रमाण १९७० साली सुमारे ३,००० कोटी टन होते, ते आता १०,६०० कोटी टनांवर गेले आहे. या आकड्यांपुढे केवळ ‘पुरवठा’ वाढवण्याची भाषा अपुरी आहे. ‘पुरे’ कुठे म्हणायचे, हेही ठरवावे लागेल.

बडोद्यात तर हा शब्द तपासून पाहण्याची सोय आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचे पाणी शहराला आजही मिळते. पावसाळ्यात त्याची पातळी फुटांत सांगितली जाते आणि घरात विचारतात ते ‘वर्षभर पुरेल ना?’ असेच. दुसरीकडे कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, आणि १९६० साली अंकलेश्वरला खनिज तेल सापडले ते ठिकाणही आपल्यापासून दूर नाही. आजवा पावसाने पुन्हा भरतो, तेल माणसाच्या हिशेबात पुन्हा भरत नाही. म्हणून तेलाचा ‘शाश्वत वापर’ ही शब्दयोजना अर्थाच्या दृष्टीने टिकत नाही. तेल ‘पुरवून वापरणे’ मात्र शक्य आहे, आणि ते दुसरी सोय होईपर्यंत पुरवायचे असते.

याच शहरात १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध झाला, ज्यात कारभाराच्या शब्दांचे आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. तशी मांडणी वाचताना जाणवते की तिन्ही भाषांत एकच शब्द असावा हा आग्रह अनावश्यक आहे. आपल्या गुजराती फलकावर ‘टकाउ’ खुशाल राहावा.

मराठी फलकासाठी माझी सूचना अशी: शीर्षक ‘शाश्वत विकास’, पाण्याच्या चित्राखाली ‘जेवढे मुरते तेवढेच उपसू’, जंगलाच्या चित्राखाली ‘जेवढे वाढते तेवढेच तोडू’, आणि तेलाच्या चित्राखाली ‘पुरवून वापरू’. ‘सर्वांना पुरून उरेल असा वापर’ हेही चांगले मराठी आहे, परंतु ‘एखाद्याला पुरून उरणे’ याचा अर्थ त्याच्यावर मात करणे असा होतो, म्हणून त्यातले ‘सर्वांना’ गाळू नये आणि त्याच्या जागी ‘निसर्गाला’ तर मुळीच घालू नये.