टर्मिनलवर टॅब ८ ऐवजी ४ घरांचा कसा करायचा, आणि मराठी यादीचे रकाने सरळ कसे आणायचे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, एडिटरमध्ये टॅब ४ चा करून ठेवलाय तरी कॅटने (फाईल टर्मिनलवर दाखवणारी कमांड) फाईल बघितली की टॅब ८ घरांचाच येतो. दुसरी, दुकानातल्या मालाची मराठी यादी स्क्रिप्टमधून प्रिंटएफने (मजकूर साच्यात बसवून छापणारी कमांड) काढली की रकाने वाकडेतिकडे होतात. दोन्हीवर उपाय एकाच कमांडने होतो म्हणून एकत्रच लिहितो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये, छोट्या लिपीत करा, मोठी लिपी लागते तिथे तसं सांगितलंय.

घाई असेल तर एवढंच करा: टॅब्स, स्पेस, -४, एंटर. झालं. आता तीच फाईल परत कॅट करून बघा, टॅब ४ चा दिसेल. पूर्ववत करायला टॅब्स -८. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, डेबियन उबुंटूवर ही कमांड एनकर्सेस-बिन पॅकेजमध्ये आधीपासून असते, मॅकवर पण आहे.

आता एडिटरमधल्या सेटिंगचा उपयोग का झाला नाही ते. कॅट टॅबचं काहीच करत नाही, फाईलमधला टॅब कॅरेक्टर जसाच्या तसा टर्मिनलकडे सरकवतो, आणि कर्सर कुठे न्यायचा ते टर्मिनल स्वतः ठरवतं. टर्मिनलकडे थांब्यांची एक यादी असते, ९ वं घर, १७ वं घर, २५ वं घर अशी, टॅब आला की कर्सर पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. म्हणजे टॅब म्हणजे "८ स्पेस" नाहीच मुळी, "पुढच्या थांब्यापर्यंत जा" असा तो हुकूम आहे. विम या एडिटरचं तसं नाही, विम टॅबचा हिशोब स्वतः करून चित्र काढतो म्हणून त्याचं टॅबस्टॉप सेटिंग फक्त त्याच्यापुरतं.

ज्यांनी टाइपरायटरवर हात चालवलाय त्यांना हे चटकन कळेल. आमच्या सांगलीतल्या टायपिंग क्लासला मराठी ३० ची परीक्षा द्यायला जायचो तेव्हा तक्ता टाइप करायचा असला की आधी कॅरेज हव्या त्या जागी न्यायचं, टॅब सेटची कळ दाबायची, पुढच्या रकान्याच्या जागी न्यायचं, परत सेट, असे थांबे लावून घ्यायचे. मग टॅब दाबला की कॅरेज खर्रर्र करत सुटायचं आणि बरोबर थांब्यावर ठक्कन अडायचं. थांबा मशीनमध्ये लागलेला, कागदाला त्याचा पत्ता नाही. टर्मिनलने हीच कल्पना उचललीये, डीईसी या कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवर सेटअपमध्ये गेलं की स्क्रीनवर थांब्यांची पट्टी दिसायची आणि कर्सर हलवून टी दाबला की तिथला थांबा लागायचा किंवा निघायचा. आजचे आपले टर्मिनल प्रोग्राम अजून त्याच व्हीटी१०० चे संकेत पाळतात, एस्केप आणि मोठा एच पाठवला की कर्सर आहे तिथे थांबा लागतो, एस्केप, चौकटी कंस, ३, जी पाठवलं की सगळे थांबे पुसले जातात. टॅब्स कमांड हेच दोन संकेत तुमच्या वतीने पाठवते, बाकी काही नाही.

आता तुमची यादी, आणि मला यात जास्त रस आहे कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे छळतं. तुम्ही प्रिंटएफमध्ये टक्का, -२०, एस असं दिलंय, तुमची अपेक्षा अशी की शब्द छापून उरलेल्या जागेत स्पेस भरून २० घरं पूर्ण होतील. पण बॅशचं (म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलचं) प्रिंटएफ घरं मोजत नाही, अक्षरंही मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रा अनुस्वार हलन्त सगळे धरून. तुमच्याच यादीतले शब्द घ्या. गहू म्हणजे ग, ह आणि दीर्घ ऊकार, ३ चिन्हं, ९ बाइट, म्हणून त्यापुढे ११ स्पेस पडतात. ज्वारी म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट, पुढे फक्त २ स्पेस. शेंगदाणे ८ चिन्हं, २४ बाइट, म्हणजे प्रिंटएफच्या मते २० पेक्षा आधीच जास्त, एकही स्पेस नाही आणि भावाचा आकडा थेट णे ला चिकटतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये अगदी हेच झालंय.

यावर लोक सांगतात की बाइटऐवजी चिन्हं मोजणारी भाषा वापरा, त्याने सुधारतं पण पूर्ण नाही, कारण ऊकाराला वेगळं घर लागत नाही आणि काना-वेलांटीच्या बाबतीत टर्मिनलांमध्येच एकवाक्यता नाही, कोणी त्यांना स्वतंत्र घर देतं कोणी देत नाही. म्हणून मी मोजायचं कामच टर्मिनलवर टाकतो. शब्द आपण किती घरांत काढला हे त्याला नक्की माहीत असतं, आणि थांबा ठरलेल्या घरावर असतो, त्यामुळे शब्द कितीही वेडावाकडा असो पुढचा रकाना त्याच घरापासून सुरू होतो.

तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये माल, पोती आणि भाव यांच्यामध्ये फक्त एकेक टॅब टाका, म्हणजे बॅकस्लॅश टी, आणि छापण्याआधी टॅब्स १,२१,३१ चालवा. आकड्यांमध्ये स्वल्पविराम, स्पेस नाही. माल पहिल्या घरापासून, पोती २१ पासून, भाव ३१ पासून. दोन सांभाळायच्या गोष्टी. मालाचं नाव १९ घरांत मावलं नाही तर टॅब २१ चा थांबा ओलांडून ३१ वर जाईल आणि पोत्यांचा आकडा भावाच्या रकान्यात बसेल, तेव्हा सगळ्यात लांब नाव बघून थांबा लावा. आणि शेवटच्या थांब्यानंतर आणखी एक टॅब आला तर कर्सर थेट ओळीच्या उजव्या टोकाला जातो, चौथा रकाना वाढवलात तर चौथा थांबाही वाढवा. यादी छापून झाली की स्क्रिप्टच्या शेवटी टॅब्स -८ न विसरता टाका.

ते का, तर एलएस, म्हणजे फोल्डरमधल्या फाईलींची यादी दाखवणारी कमांड. लिनक्सवरचं एलएस फाईलींची नावं रकान्यांत मांडताना जागा भरायला टॅब वापरतं आणि थांबे ८-८ वर आहेत असं गृहीत धरतं. तुम्ही ४ केलेत की एलएसची मांडणी फिसकटते. कायम ४ च हवे असतील तर एनव्हायर्नमेंटमध्ये टॅबसाइझ हे नाव सगळं मोठ्या लिपीत लिहून त्याची किंमत ० ठेवा, मग एलएस टॅब न वापरता स्पेसच टाकतं. मराठी नावांच्या फाईली असतील तर हे तसंही करून ठेवा, इंग्रजीबाहेरच्या अक्षरानंतर टॅब आला की काही टर्मिनल रकाने नीट जुळवत नाहीत असं एलएसच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय आणि उपायही हाच दिलाय. वरची यादीची युक्ती तुमच्या टर्मिनलवर आधी दोन ओळी छापून तपासा ती याच कारणासाठी.

लेसमध्ये (फाईल पानापानाने दाखवणारी कमांड) मात्र टॅब्स कमांडचा काही परिणाम दिसणार नाही, लेस टॅबचे स्पेस स्वतः करतं, त्याला लेस -एक्स४ द्या. गिट डिफ (फाईलींतले बदल दाखवणारी कमांड) पण लेसमधूनच दिसतं, तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अधिक-उणेचं एक घर जातं म्हणून गिटच्या कोर डॉट पेजर या सेटिंगमध्ये लेस -एक्स१,५ ठेवा, मी असंच वापरतो.

हे सगळं करूनही ढिम्म फरक नाही पडला तर एसटीटीवाय -ए (टर्मिनलची सेटिंग दाखवणारी कमांड) चालवून टॅब० दिसतंय का टॅब३ ते बघा. टॅब३ असेल तर कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मधल्यामध्ये टॅबचे स्पेस करून टाकतो, ८ च्या हिशोबाने, टर्मिनलपर्यंत टॅब पोचतच नाही. एसटीटीवाय टॅब० केलं की सुटतं.

टीमक्स (एका खिडकीचे अनेक टर्मिनल-भाग, म्हणजे पेन, करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर प्रत्येक पेनचे थांबे वेगळे, एकात लावले म्हणून शेजारच्यात लागत नाहीत. टर्मिनल बंद केलं किंवा रीसेट मारलं की थांबे परत ८ वर. खिडकी नंतर रुंद केलीत तर कमांड पुन्हा एकदा चालवा, तिने थांबे त्या वेळच्या रुंदीपुरतेच लावलेले असतात.

कायमचं करायला बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतं ती फाईल) ओळ टाकाल, पण सांभाळून टाका. मी एकदा ऑफिसच्या सर्व्हरवर टॅब्स कमांड न वापरता ते एस्केपचे संकेतच प्रिंटएफने बॅशआरसीत लिहिले होते, आणि रात्रीचा आरसिंकचा (फाईली दुसऱ्या मशीनवर कॉपी करणारा प्रोग्राम) बॅकअप बंद पडला. एरर होती प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन. दोन रात्रींचा बॅकअप गेला तेव्हा उलगडा झाला, आरसिंक एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय) आत येतं तेव्हाही बॅश ती फाईल वाचतं आणि माझे संकेत डेटाच्या आधी पलीकडे पोचत होते. म्हणून आउटपुट खरंच टर्मिनलला जातंय का ते आधी तपासा: चौकटी कंसात -टी १ (कंसाच्या आत दोन्ही बाजूंना स्पेस हवी), मग दोन अँपरसँड, मग टॅब्स -४.

यादीत थांबे लावूनही एखादी ओळ हलली तर ती ओळ कॅट -ए ने (इथे ए मोठ्या लिपीतला) बघा, टॅबच्या जागी कॅरेट आणि आय दिसायला हवं. ते नसेल तर तिथे कोणीतरी स्पेस दाबलीये, एडिटरच बऱ्याचदा टॅब दाबला की गुपचूप स्पेस टाकतो.