आजोबांची १९७४ ची सीजे-३बी जीप पूर्ण रिस्टोर करावी की आहे तशी चालवत राहावी?

चालवत राहावी. तुमची जीप चालू आहे, रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा शेतावर जाते, सकाळी सुरू करताना निळा धूर सोडते, उभ्या जागी तेल गाळते आणि चाळिशीच्या वेगाला पुढची चाके थरथरतात, एवढेच तुम्ही लिहिले आहे. त्यावर गॅरेजवाल्याने बॉडी चेसिसवरून उतरवून सगळे नव्याने करा आणि मग विंटेज नोंदणी घ्या, असा सल्ला दिला आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही दोषांपैकी एकाही दोषासाठी बॉडी उतरवावी लागत नाही. आमच्या घरी याच मॉडेलची जीप आहे आणि याच प्रश्नावरून आमच्या घरात वाद झालेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी धूर. या जीपचे इंजिन एफ-हेड जातीचे, २१९९ सीसीचे आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. या रचनेमुळे इंजिन उंच झाले आणि म्हणूनच सीजे-३बीचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा वर आले. रात्रभर गाडी उभी राहिली की वरचे तेल झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्यात वर-खाली सरकतो ती नळी) हळूहळू सिलिंडरमध्ये उतरते, सकाळी ते जळते आणि थोड्या वेळात धूर थांबतो. धूर असा थांबत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर यांना दोष देण्याचे कारण नाही. भरलेली ट्रॉली मागे लावून चढ चढताना सतत निळा धूर येत असेल, तरच इंजिन खाली घेण्याचा विचार करावा, आणि तोही चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून पाहिल्यावर. हेड उतरवून गाइड बदलणे हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीचे काम आहे.

चाकांची थरथर बहुतेक वेळा किंगपिनमुळे, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीमुळे, असते. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, चाकाला वरून आणि खालून धरून हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर तो हबच्या बेअरिंगचा असतो, आणि तसाच राहिला तर किंगपिनचा. किंगपिनचे बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) बदलले, टायरॉडचे बॉल जॉइंट पाहिले आणि टायरमध्ये हवा सारखी ठेवली, की ही तक्रार बहुधा मिटते. गळतीबद्दल मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांचे तेल आतून एकमेकांत जाते, त्यामुळे एकीकडे पातळी वाढलेली आणि दुसरीकडे उतरलेली दिसली तर घाबरून सगळे सील फोडून काढू नका. दोन्हींची पातळी एकाच वेळी पाहा, मग ठरवा.

आता आमच्या घरचे. माझे वडील आणि माझे थोरले काका यांनी ऐंशीच्या दशकात एका सरकारी लिलावातून एकाच दिवशी दोन जीप घेतल्या. दोन्ही सीजे-३बी, दोन्ही पेट्रोलच्या. आमचे गाव राधानगरीच्या बाजूला आहे. तिथला पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की जूनपासून शेताकडची वाट ही वाट राहत नाही. त्या चिखलातून खत, बियाणे, दुधाचे कॅन आणि वेळप्रसंगी आजारी माणूस या दोनच गाड्यांनी वर्षानुवर्षे नेला. वडील गेल्यावर त्यांची जीप माझ्याकडे आली आणि काका गेल्यावर त्यांची जीप कोल्हापुरात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे गेली.

दादाचे त्या गाडीवर प्रेम होते, याविषयी मला शंका नाही. काकांची आठवण नव्यासारखी दिसावी, ही त्याची इच्छा होती. त्याने ती जीप परराज्यातल्या एका गॅरेजला दिली. तिथे बॉडी काढली, चेसिस रंगवली, जुना पत्रा जवळजवळ सगळा टाकून नवी बॉडी बसवली, रुंद टायर आणि चकचकीत बंपर लावले. इथपर्यंत मी गप्प राहिलो असतो. पण त्यांनी 'या इंजिनात आता काही राहिले नाही' असे सांगून त्याच्या जागी दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले आणि काकांचे मूळ इंजिन परस्पर मोडीत काढले. दादाने जीप घरी आणली तेव्हा ती खरोखर देखणी दिसत होती. त्या वर्षी गणपतीला सगळे कुटुंब जमले असताना त्याने दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या केल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बघ, तू नानांच्या गाडीचं भंगार केलंस." नाना म्हणजे माझे वडील. मोठ्या भावाला उलट बोलण्याची आमच्यात रीत नाही, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही.

पुढे नोंदणीचे नूतनीकरण आले. आरसीवर इंधन पेट्रोल, गाडीत डिझेल. आरसीवरचा इंजिन नंबर एक, ब्लॉकवरचा दुसरा. निरीक्षकाने पासिंग नाकारले आणि नियमाप्रमाणे त्याचे बरोबरच होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच गोष्टीसाठी आहे, आणि मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. गॅरेजने हे आधी सांगायला हवे होते. त्यांनी सांगितले नाही. तेव्हापासून ती जीप कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी आहे.

माझी जीप मी कधीच एकदम उघडली नाही. ज्या वर्षी जे बिघडेल ते त्या वर्षी दुरुस्त केले: कधी क्लच, कधी स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाटा चेसिसला जोडणारी कडी), कधी पाण्याचा पंप, कधी नुसते प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आजही काय वाटेल ते करून मिळते, आणि तिथले एक वयस्कर मिस्त्री वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाडीला ओळखतात. एकदा मलाही मोह झाला होता की एकदाचे सगळे करून टाकावे. त्यांनी काही न बोलता लहान हातोडी घेतली, गाडीखाली आडवे झाले आणि चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर पुढून मागे ठोकत गेले. सगळीकडे खणखणीत आवाज येत होता. फक्त मागच्या शॅकलच्या हँगरपाशी, जिथे चिखल साचून राहतो, तिथे एका हाताएवढ्या जागेत तो बद्द झाला. त्यांनी तिथे खडूने खूण केली आणि म्हणाले, "मालक, रोग एवढाच हाय. बाकीचं उघडायचं काय कारण न्हाई." तेवढा भाग कापून तिथे त्याच जाडीचा पत्रा वेल्ड केला. ती जीप आजही ऊस तोडणीच्या दिवसांत शेतात जाते, लो गिअरमध्ये चिखल तुडवते, आणि तिच्या ब्लॉकवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळतो.

म्हणून माझे मत असे की रिस्टोरेशन ही गोष्ट बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीला ती लावली की मालकाचा गाडीशी संबंध बदलतो. महागड्या रंगावर ओरखडा उठेल म्हणून ती शेतात जात नाही, शेतात जात नाही म्हणून उभी राहते, आणि उभी राहणे हेच या गाडीला सगळ्यात वाईट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, टाकी आतून गंजवते आणि जुन्या रबरी नळ्या व इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला पडदा खराब करते. चालत्या गाडीत पेट्रोल बदलत राहते, उभ्या गाडीत तेच महिनोन्‌महिने साचून असते. तुम्ही काही खर्च करणारच असाल तर पहिला खर्च इथे करा: इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा. या जीपची टाकी सीटखाली असते, हे लक्षात घेता तिथली एक झिरपणारी नळीसुद्धा चालवून घेण्यासारखी नाही.

विंटेज नोंदणीचा सल्ला तुम्हाला कोणत्या हेतूने दिला गेला, ते मला समजत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी तिच्यासाठी पात्र ठरते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पण तशी नोंदणी झाली की ती गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर नेता येणार नाही. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशीही अट आहे. म्हणजे गॅरेजवाला सुचवतो तसे बॉडी बदलण्याचे काम आधी केले तर तो मार्गही अडचणीत येईल. साधे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करत राहणे तुमच्यासाठी योग्य. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. रक्कम थोडी नाही, तरी रिस्टोरेशनच्या कोटेशनच्या तुलनेत ती काहीच नाही. पीयूसीची काळजी करू नका. इतक्या जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर ही जीप त्यात बसते.

काही बाबतीत माझे म्हणणे लागू होणार नाही, तेही सांगितले पाहिजे. हातोडीचा आवाज दोन-चार ठिकाणी नव्हे तर दांडीभर बद्द येत असेल, किंवा पुढच्या पाट्यांच्या हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सजवळ चेसिसला चीर गेली असेल, तर गाडी त्याच दिवशी थांबवा आणि बॉडी उतरवूनच काम करा. चेसिस नंबर गंजून वाचता येत नसेल तर वेल्डिंगच्या आधी आरटीओत जा, नंतर नव्हे. ब्रेकबद्दलही सावध राहा. चारही ड्रम एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच सर्किटवर चालतात, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, आणि हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असल्याने मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट तुटला तर तोही उपयोगाचा नाही. ब्रेकचे सगळे पाइप आणि चाकांचे सिलिंडर एकदा नवे टाका आणि मुलांना बसवून हायवेला जाऊ नका. या गाडीची जागा शेत, घाट आणि गावचा रस्ता आहे.

दादाला मी अलीकडे सुचवले की एखादे मूळ जातीचे एफ-हेड इंजिन शोधू, उद्यमनगरात बोअर करून घेऊ, आरटीओची रीतसर परवानगी घेऊन ते बसवू आणि आरसीवर नवा नंबर चढवून घेऊ. त्याने अजून होकार दिलेला नाही, पण त्याने 'हो' म्हटले तर धावपळ मी करीन, कारण ती काकांची गाडी आहे आणि तिने माझ्या वडिलांच्या गाडीइतकाच चिखल तुडवला आहे. नंबर मात्र आता दुसराच असेल, काकांच्या इंजिनाचा नाही. तुम्ही काहीही ठरवलेत, अगदी माझे न ऐकता पूर्ण रिस्टोरेशन करायचे ठरवलेत, तरी काम देण्याआधी ब्लॉकवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घ्या, काय काय बदलणार ते लिहून सही घ्या, आणि मूळ ब्लॉक 'बदल्यात जमा करतो' असे कोणी म्हणाले तर तो तिथे सोडू नका, स्वतः उचलून घरी आणा.