वाचकांचे प्रश्न : मालाचं डिझेल की प्रवासी?

प्रश्न : सांगली, मिरजेला दोन्ही टोकांना कॅब (चालकाची केबिन) असलेली डिझेल इंजिनं दिसतात. त्यातलं डब्ल्यूडीजी-४डी कुठलं आणि डब्ल्यूडीपी-४डी कुठलं, हे फलाटावरून कसं ओळखायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : रंगावर अजिबात जाऊ नका. रंगसंगती शेडप्रमाणे (इंजिनाची देखभाल होते ते ठिकाण) बदलते. मागे काय जोडलंय त्यावरूनही ठरवू नका. गरज पडली की मालाचं इंजिन एक्स्प्रेसलाही लावतात. पाच आकडी क्रमांक वाचा. ४० ने सुरू झाला तर डब्ल्यूडीपी, म्हणजे प्रवासी; १२ किंवा ७० ने सुरू झाला तर डब्ल्यूडीजी, म्हणजे मालाचं. कॅब एक की दोन, हे मात्र क्रमांक सांगत नाही. ४० मध्ये एका कॅबचं ४बी आणि दोन कॅबचं ४डी दोन्ही येतात. १२ आणि ७० मध्येही तीच सरमिसळ. तेव्हा क्रमांकावरून माल की प्रवासी ते ठरवायचं, आणि 'डी' लावायचा तो कॅब मोजून.

दोन्ही इतकी सारखी दिसतात, कारण आत ऐवज एकच आहे : १६ सिलिंडरचं ७१० जातीचं टू-स्ट्रोक इंजिन, ४५०० अश्वशक्ती, सहाही आसांना (चाकांच्या जोड्यांना) मोटर. खरा फरक गिअरमध्ये. मालाच्या इंजिनाचं गुणोत्तर ९०:१७, प्रवासीचं ७७:१७. त्यामुळे सुरुवातीची ओढ मालाची ५४० किलोन्यूटन, तर प्रवासीची साधारण ४००. पुणे-मिरज मार्गावरच्या आदर्कीच्या चढावर भरलेली मालगाडी थांबून पुन्हा उचलायची असेल, तर हाच फरक कामाला येतो. वेगाच्या बाबतीत पारडं उलट.

सगळ्यात जास्त फसवतं ते २० ने सुरू होणारं जुनं डब्ल्यूडीपी-४. एक कॅब, बाजूने थेट डब्ल्यूडीजी-४ सारखं. पण मोटर फक्त १, २, ५ आणि ६ या आसांवर. ओढ जेमतेम २७० किलोन्यूटन. जड गाडी उचलताना, त्यातून रूळ ओले असले तर, त्याची चाकं लवकर घसरतात.

४९ किंवा ६९ दिसलं तर ते घराणंच वेगळं : बिहारमधल्या मढौरा कारखान्याची फोर-स्ट्रोक इंजिनं. ४९ म्हणजे डब्ल्यूडीजी-४जी, १२ सिलिंडर, ४५०० अश्वशक्ती. ६९ म्हणजे ६००० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीजी-६जी.

प्रश्न : जुन्या अल्कोंमध्ये (अल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेची डिझेल इंजिनं) १४ ने सुरू होणारं इंजिन मालाचंच समजायचं का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : नाही. १४ हजारांत माल-प्रवासी दोन्हींसाठीची डब्ल्यूडीएम-३ए आहेत आणि डब्ल्यूडीजी-३ए पण. दोन्ही ३१०० अश्वशक्तीची, म्हणून आवाजावरून काही कळायचं नाही. बोगी, म्हणजे इंजिनाखालची चाकांची चौकट, बघा. तीन चाकांमधली दोन अंतरं कमी-जास्त असतील तर डब्ल्यूडीएम-३ए, सारखी असतील तर डब्ल्यूडीजी-३ए. ११ ने सुरू होणाऱ्या डब्ल्यूडीएम-३डी ला ही खूण लावू नका. त्याचीही बोगी डब्ल्यूडीजी-३ए सारखीच असते, तिथे क्रमांकच पाहावा लागतो.