पेपर तिला विचारून पाठवला का?

(फोंड्याहून एक वडील लिहितात : मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, संख्याशास्त्र घेतलंय. पहिल्या चाचणीत 20 पैकी 11. 'तिला न सांगता पेपरचा फोटो पाठवतो. तिचं गणित कच्चं आहे. वर्ष सोडून पुन्हा जेईईला बसवू का? फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज घराजवळच आहे.')

नमस्कार.

मार्कांपेक्षा मला 'तिला न सांगता' हे शब्द जास्त टोचले. अठरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरातून पेपर काढून परक्या माणसाला दाखवलात. उद्या तिला हे कळलं, तर पुढचा पेपर घरी येणारच नाही. पत्रभर 'बसवू का', 'घालू का' आहे. तिला काय हवंय, त्याची एक ओळ नाही.

आता पेपर आलाच आहे, तर बोलतो. 5/17 तिने अपरिमेय ठरवलाय, म्हणजे ज्याचे दशांश कधी संपत नाहीत आणि पुन्हा पुन्हा तेच येत नाहीत, असा. समासात कॅल्क्युलेटरचा आकडा आहे : 0.2941176471. त्यात काही पुन्हा येताना दिसत नाही, म्हणून ती फसली. हा गैरसमज अनेकांचा असतो. 17 ने भागताना बाकी 1 ते 16 यांपैकीच उरणार, म्हणजे जास्तीत जास्त 16 पायऱ्यांत जुनी बाकी परत येते आणि तिथून अंकही तेच. इथे आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट, पूर्ण 16 अंकांचं आहे. दहा अंकी पडद्यावर ते मावत नाही. अपूर्णांकात वर-खाली पूर्णांक असले आणि खाली शून्य नसलं, की संख्या परिमेय. भागायचीही गरज नाही.

दुसरी चूक द्विपद वितरणातली, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल याच्या हिशोबातली. पाच प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, अंदाजाने नेमकी दोन उत्तरं बरोबर येण्याची संभाव्यता किती? तिने (1/4)² × (3/4)³ करून 27/1024 लिहिलं. हे एका ठरावीक जोडीचं झालं, समजा पहिल्या दोन प्रश्नांचं. पाचांतून दोन निवडायचे 10 मार्ग आहेत, म्हणून उत्तर 270/1024, साधारण 0.26. घातांक तिने अचूक मांडलेत, फक्त गुणक राहिला. याला कच्चं गणित म्हणत नाहीत. आठवडाभराच्या सरावात सुटतं.

जेईई पुन्हा देता येते, पण ती तिला द्यायची असेल तर. कॉलेज घराजवळ असणं हे इंजिनिअर होण्याचं कारण नव्हे. संख्याशास्त्रातून यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा, विमा क्षेत्रातलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशोब मांडण्याचं काम, एम.एस्सी. या वाटा आहेत.

आज पेपर तिच्या हातात द्या, फोटो पाठवल्याचं सांगा आणि माफी मागा. पुढचं पत्र लिहावंसं वाटलं, तर तिने लिहावं.