इथेनॉलच्या पेट्रोलमुळं जुन्या गाडीचं मायलेज पडलंय, गाडी विकून सीएनजी घ्यावी का?

विकू नका. एवढ्यावर थांबलो असतो, पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे टाकलंय, "साखरसम्राटांचे खिसे भरायला आम्ही आमची इंजिनं का जाळायची", त्यानं माझी एक जुनी खपली निघाली. आता लांबण लागणार.

आधी तुमचा हिशोब. २०१५ ची पेट्रोल गाडी, दोन वर्षांपूर्वीपर्यंत लिटरला १८ देत होती, आता १५ देते, आणि रोज सांगलीत विश्रामबाग ते कुपवाड एमआयडीसी. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवरून थेट वीस टक्के मिश्रणावर उडी मारली तर साडेसहा-सात टक्के फटका बसणारच. जुन्या चारचाकींसाठी नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ६ ते ७ टक्केच लिहिलेत. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि जे "काहीच फरक पडत नाही" म्हणतात ते खोटं बोलतात. पण तुम्ही शुद्ध पेट्रोलवरून आलेलाच नाही. दहा टक्के मिश्रण देशात जून २०२२ मध्येच झालं होतं. तुमचे ते १८ सुद्धा इथेनॉलवरचेच होते. तिथून वीस टक्क्यांवर यायला अर्धा, फार तर पाऊण किलोमीटर जावा. उरलेलं उसानं खाल्लेलं नाही. टायरमधली हवा, एअर फिल्टर, घासलेला क्लच बघा. आणि मुख्य म्हणजे घर ते कंपनी एवढ्याशा अंतरात इंजिन धड तापत नाही, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही, त्यात एसी. अशा चालवण्यात कुठलीच गाडी १८ देत नाही.

आणि डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा, चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा आणि भागाकार करा. हे न करता मायलेजवर बोलणाऱ्या माणसाशी मी आता वाद घालत नाही. एक अपवाद सोडून.

तो अपवाद म्हणजे माझा मेव्हणा. मी वाळवा तालुक्यातला. रानात ऊस आहे आणि दारात २०१३ ची पेट्रोल गाडी आहे, त्यामुळं या भांडणात मला दोन्हीकडून मार बसतो. मेव्हणा पुण्यात हिंजवडीला. भेटला की राम राम नाही, थेट "दाजी, तुमच्या उसानं आमच्या गाड्या मारल्या." व्हॉट्सॲपवर गंजलेल्या इंजेक्टरचे फोटो. कुणाचे, कुठल्या देशातले, काही पत्ता नाही.

मध्ये एकदा तो बेंदराला यायला निघाला. बरोबर बायको, पोरं आणि त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. पाऊस असा की वायपर कमी पडावा. कराडच्या पुढं हायवेवरच्या एका पंपावर त्यानं टाकी फुल केली. पेठ नाक्याला वळून इस्लामपूर, म्हणजे आता ईश्वरपूर, ओलांडेपर्यंत गाडी धक्के द्यायला लागली आणि आष्ट्याच्या अलीकडं बंदच पडली. (गावाचं नाव बदलल्यानं बसस्टँडपुढची गर्दी कमी झाली असं कुणाला वाटत असेल तर त्यानं संध्याकाळी सहाला येऊन बघावं.) मला फोन. पहिलं वाक्य काय, तर "झालं का समाधान?"

मी ओळखीच्या मेकॅनिकला मोटारसायकलवर मागं बसवून गेलो. त्यानं पाईप काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं आणि बाटली बॉनेटवर ठेवली. थोड्या वेळात सरळ दोन थर. वर पिवळसर, खाली गढूळ. मेव्हण्याला तर लॉटरीच लागली. मोबाईल काढून फोटो, व्हिडिओ, "बघा, हे इथेनॉल खाली बसलंय!" मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नुसतं इथेनॉल असं खाली बसत न्हाई. पाणी शिरलंय ह्यात."

इथं जरा थांबून सांगतो, कारण हे पंपावर कुणी सांगत नाही. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळून जातं आणि कळतही नाही. पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. पूर्वी साध्या पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी पडून राहायचं, पंपवाला वरचं विकत राहायचा, निभावून जायचं. आता तेवढ्याच पाण्यात तळाचा थर मोठा होतो आणि तो थेट गिऱ्हाइकाच्या गाडीत येतो. म्हणजे मेव्हण्याचं अर्धं खरं होतं. हे मी त्याला तिथं पावसात उभं राहून सांगितलं नाही, उगाच चढला असता. पण पाणी इथेनॉलनं आणलं नव्हतं. पाणी पंपाच्या टाकीत होतं.

गाडी ओढून आष्ट्यात लावली आणि आम्ही दोघं माझ्या गाडीनं उलटे त्या पंपावर गेलो. जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं घोटाभर पाण्यात. मॅनेजर म्हणाला, वरून जसं येतं तसं आम्ही देतो. मी म्हणालो, डेन्सिटी, म्हणजे पेट्रोलची घनता, मोजून दाखवा. तर ती मोजणारा माणूस आत्ताच जेवायला गेलाय! तेवढ्यात एक रिक्षावाला तीच तक्रार घेऊन आला आणि त्याचा आवाज आमच्यापेक्षा मोठा होता. मग पेट्रोलचे पैसे परत मिळाले. टाकी साफ करण्याचे आणि गाडी ओढण्याचे आमच्याच अंगावर. तुम्ही सुद्धा लक्षात ठेवा, डेन्सिटी, फिल्टर पेपर आणि पाच लिटरचं माप मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मागितलं की चेहरे वाकडे होतात, होऊ देत.

रात्री पुरणपोळीच्या ताटावर पुन्हा तेच. "दाजी, पाणी असो नाहीतर काही असो, कारखानदारांसाठीच चाललंय ना हे?" सासूबाई म्हणाल्या, आधी दूध घे, मग कारखाने बुडव.

तर कारखानदार. तुम्ही आणि मेव्हणा दोघं समजता तसं आता सगळं इथेनॉल उसाचं नाही. मोठा वाटा धान्याचा झालाय, त्यात मका पुढं. तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलला लिटरमागं ७१ रुपये ८६ पैसे देतात आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. तरी मका पिकवणाऱ्याला कुणी सम्राट म्हणत नाही. बोट उसाकडंच, कारण उसाला चेअरमन असतो, चेअरमनला गाड्यांचा ताफा असतो आणि तो टीव्हीवर दिसतो. आमच्याकडं चेअरमनचा पक्ष बदलतो, उसाचा वजनकाटा तोच राहतो. यात सगळे पक्ष आले, कुणा एकाची बाजू घेऊन बोलत नाही.

शेतकऱ्याच्या अंगानं बघा. २०१८-१९ ला टनाला २,७५० रुपये असलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, २०२५-२६ ला ३,५५० झाली, तीही सव्वादहा टक्के रिकव्हरीला (उसातून निघणारी साखर) आणि तोडणी-वाहतूक वजा करून. त्यातून ऊसतोड टोळीची खुशाली, वाहनाच्या ड्रायव्हरची एन्ट्री, हे वरचे पैसे वेगळे. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ ला ३१ रुपये ठरला आणि वर्षानुवर्षं तिथंच रुतून बसला. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर हातात येतात. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर १५ टक्के व्याज, हा कायदा १९६६ चा. आमचा कारखाना (नाव घेत नाही) तो कसा पाळतो ते मला माहीत आहे. वर राज्य सरकारनं २०२२ ला एफआरपी दोन तुकड्यांत द्यायचा निर्णय काढला. तो मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केला, त्यासाठी शेतकरी नेते राजू शेट्टींना कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, केंद्रानं एका फटक्यात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात थोडी ढिलाई दिली, पण ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या त्यांची गाळण उडालीच. सरकारला शहरात साखर महाग नको होती. त्या दिवशी "शेतकऱ्याचं काय" असं विचारणारा एकही फॉरवर्ड मेव्हण्याकडून आला नाही.

मौज अशी की सासऱ्यांच्या माघारी कऱ्हाडकडचं रान याच्याच नावावर आहे, आणि त्यात ऊसच आहे. दर हंगामाला फोन येतो, "दाजी, पहिली उचल किती ठरली?" म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता. पंपावर तो गिऱ्हाईक, सातबाऱ्यावर सभासद.

गिऱ्हाईक म्हणून तुमचं जे बरोबर आहे ते मी नाकारत नाही. ऊर्जा कमी, तर दर कमी पाहिजे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात हे म्हटलेलं होतं, आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल चालू ठेवायचंही. दोन्ही झालं नाही. सरकारचं म्हणणं, इथेनॉल आता त्यांनाच लिटरला ७१ रुपयांच्या वर पडतं. मग आधी स्वस्त म्हणून का सांगत होता? बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळावं म्हणून केलेली याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. गडकरींना हा सगळा विरोध पैसे देऊन चालवलेला प्रचार वाटतो. माझ्या मेव्हण्याला कुणी छदाम देत नाही, तो फुकटच बोलतो. राग येणाऱ्या माणसाला उत्तर द्यायच्या ऐवजी त्याला विकलेला ठरवला की तो आणखी चिडतो, एवढं राजकारण्यांना कळू नये?

आता विकण्याचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळं नवीन स्वस्त झाल्या आणि तुमच्या जुनीला मागणारा आणखी पाडून मागणार. सीएनजीला डिकी जाते, रांगेत उभं राहावं लागतं, आणि एवढ्याशा रोजच्या फेरीत वरचे पैसे निघायला बरीच वर्षं जातील. तरीही विकायचीच असेल तर एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, ती नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट बसवल्याशिवाय आरटीओत नाव बदलून मिळायचं नाही. ७४५ रुपये आणि वर जीएसटी.

राहिलेलं सांगतो. मी मेकॅनिक नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, पेट्रोलची रबरी नळी पहिल्यापासूनची असेल किंवा घरात कार्बोरेटरवाली जुनी दुचाकी असेल तर माझा वरचा सगळा दिलासा थोडा कमी करून घ्या. तिथं इथेनॉल खरंच त्रास देतं, नळ्या आणि वॉशर वेळेत बदला. उसाच्या बाजूनं एवढं बोललो म्हणून रात्री रिफ्लेक्टर न लावता दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकर फोडत जाणाऱ्या ट्रॅक्टरचा मी वकील नाही. त्यांना दंड झालाच पाहिजे, माझा ऊस असला तरी.

आणि मेव्हण्या, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर: त्या पंपाची पावती तुझ्याकडं आहे. तेल कंपनीकडं तक्रार मी करतो असं तूच म्हणाला होतास. गंजलेले इंजेक्टर पाठवायला वेळ मिळतो, तर ती तक्रार पण पाठव.