थिऑसॉफीवाल्यांनी दिव्यदृष्टीने येशूचं जन्मसाल खरंच शोधलं का?

तुम्ही विचारलंय की ॲनी बेझंटच्या पुस्तकात येशूचा जन्म इसवी सनपूर्व १०५ मधला दिलाय, तोही दिव्यदृष्टीने बघून, तर ते कितपत खरं धरायचं आणि थिऑसॉफी (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी बेझंटबाईंची चळवळ) येशू होऊन गेला असं मानते की नाही. मी काही थिऑसॉफिकल सोसायटीचा मेंबर नाही, पण या मंडळींची जुनी पुस्तकं बरीच वाचलीयेत म्हणून लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, ते साल आकाशातून नाही आलं, ज्यूंच्या जुन्या ग्रंथांतून आलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणाला विचारताय त्यावर आहे. सोसायटीच्या एक संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्कींनी १८८७-८८ च्या सुमारास एका फ्रेंच कॅथलिक पाद्र्याशी लेखी वाद घातला होता, त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलं की ख्रिश्चनांचा देव-मानव येशू ख्रिस्त ही ऐतिहासिक व्यक्ती नव्हेच, देशोदेशीच्या अवतारांवरून आणि मंदिरातल्या सिद्धपुरुषांवरून उभी केलेली ती मूर्ती आहे. पण त्याच बाई इतर ठिकाणी म्हणतात की येशू नावाचा एक माणूस झाला होता, फक्त चर्च सांगतं त्याच्या शंभरेक वर्षं आधी. म्हणजे माणूस होता, गॉस्पेलमधला देव नव्हता, असं काहीतरी.

आता हे शंभर वर्षं आधीचं कुठून आलं? ताल्मुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एक गोष्ट आहे. यन्नाय राजा रब्बींना मारत सुटला तेव्हा येहोशुआ बेन पेरह्या नावाचा रब्बी अलेक्झांड्रियाला पळाला आणि बरोबर येशू नावाचा शिष्य होता, परत येताना एका खाणावळीत उतरले तेव्हा गुरूने पाहुणचाराचं कौतुक केलं, शिष्याला वाटलं मालकिणीबद्दल बोलतायत, तो म्हणाला तिचे डोळे बारीक आहेत, आणि एवढ्यावरून गुरूने त्याला हाकलून दिलं. (इतक्या क्षुल्लक कारणावरून धर्म फुटला असं ज्यांनी लिहिलं त्यांच्या विनोदबुद्धीला सलाम.) हा यन्नाय म्हणजे अलेक्झांडर यन्नायस, त्याचा काळ इसवी सनपूर्व १०३ ते ७६. ब्लाव्हाट्स्कींनी ही परंपरा १८७७ च्या आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकातच वापरली होती.

बेझंटबाईंचं 'एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी' आलं १९०१ ला, म्हणजे चोवीस वर्षांनी. त्यात त्या गूढ नोंदींच्या (घडलेलं सगळं ज्यात साठून राहतं म्हणतात त्या, 'आकाशिक' नोंदी) आधाराने सांगतात की मुलगा पॅलेस्टाइनमध्ये इसवी सनपूर्व १०५ ला जन्मला, त्या वर्षी रोममध्ये रुटिलियस रूफस आणि मॅलियस मॅक्सिमस हे कॉन्सल (दरवर्षी निवडले जाणारे दोन प्रमुख अधिकारी) होते, पुढे तो एसीन या ज्यूंच्या विरक्त पंथाच्या मठात राहिला, इजिप्तला गेला, आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याने आपलं शरीर ख्रिस्ताला (थिऑसॉफीवाले ज्याला मैत्रेय, म्हणजे जगद्गुरू म्हणतात) वापरायला दिलं. थिऑसॉफीत येशू वेगळा आणि ख्रिस्त वेगळा हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. बाकी काळ तोच, इजिप्त तेच, जे ताल्मुदात होतं. दिव्यदृष्टीला नवीन असं दिसलं काय?

बेझंटबाईंचे दिव्यदृष्टीवाले सहकारी लेडबीटर, जे आधी अँग्लिकन चर्चमध्ये पाद्री होते, त्यांनी १८९९ च्या 'क्लेअरव्हॉयन्स' या पुस्तकात पद्धत समजावलीय. घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा ठसा उरतो आणि ट्रेनिंग घेतलेला माणूस तो हवा तेव्हा, हव्या त्या वेगाने बघू शकतो. पण तारीख काढणं अवघड जातं हे ते स्वतःच कबूल करतात, म्हणून त्या दृश्यातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाच्या मनात डोकावायचं किंवा कोणाच्या पत्रावरची तारीख वाचायची आणि मग रोमन किंवा ग्रीक गणनेवरून आपला हिशोब करायचा. बेझंटबाईंच्या पुस्तकातली कॉन्सलांची नावं वाचताना मला हाच उतारा आठवतो. अडचण अशी की त्या वर्षीचे कॉन्सल कोण हे कुठल्याही रोमन इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं असतं, त्यामुळे नावं बरोबर आली याने काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात मोठी गोची रुडॉल्फ स्टायनरची. हा १९०२ पासून सोसायटीच्या जर्मन शाखेचा प्रमुख, तोही त्याच आकाशिक नोंदी वाचतो म्हणणारा, आणि त्याला दिसलं काय तर दोन येशू! मॅथ्यू आणि ल्यूकच्या गॉस्पेलमधल्या वंशावळ्या जुळत नाहीत ना, तर दोन वेगळी मुलं होती, आणि शंभर वर्षं आधीचा तो तिसराच, एसीन पंथातला वेगळा गुरू. पुढे जे. कृष्णमूर्ती या मुलाला येणारा जगद्गुरू ठरवण्यावरून फाटलं आणि १९१३ पर्यंत स्टायनर बाहेर पडला. भांडण कृष्णमूर्तींवरून झालं खरं, पण एकच नोंद वाचणाऱ्यांना दोन वेगळे इतिहास दिसले हे कोणी मिटवलं नाही.

आता इतिहासाची बाजू. पॉल हा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक बायबलातल्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, साधारण इसवी सन ५० च्या आसपास, म्हणतो की मी जेरुसलेमला प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. येशू इसवी सनपूर्व ७० च्या दशकात गेला असेल तर त्याचा भाऊ शंभर वर्षांनी जिवंत कसा? भाऊ म्हणजे गुरुबंधू असं म्हणून सुटता येतं, पण जोसेफस हा ज्यू इतिहासकार तर ख्रिश्चन नव्हता, तोही इसवी सन ९३-९४ च्या ग्रंथात याकोबाचा उल्लेख 'ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' असाच करतो. मला तरी याला उत्तर दिसत नाही. १९४७ नंतर मृत समुद्राजवळ जुन्या ज्यू हस्तलिखितांच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यातला 'धर्माचा गुरू' ख्रिस्तपूर्व काळातला, म्हणून काहींना वाटलं थिऑसॉफी बरोबर ठरली, पण त्या गुंडाळ्यांत त्याचं नाव येशू असल्याचं कुठेच नाही.

आणि लेडबीटरांची नजर तपासायची असेल तर मंगळ बघा. १९१० च्या सुमारास त्यांनी तिथले कालवे आणि माणसं यांचं वर्णन दिलंय. पुढे यानं उतरली तेव्हा काय दिसलं ते माहितीच आहे. ते मुद्दाम खोटं बोलत होते असं मात्र मला वाटत नाही. ई. एल. गार्डनर या जुन्या थिऑसॉफिस्टनेच १९६३ ला लिहिलं की लेडबीटर नकळत स्वतःच्याच मनातल्या आकृत्या उभ्या करून त्याच बघत होते. मला हे पटतं, कारण त्या काळी मंगळावरचे कालवे हा पेपरांतला चर्चेचा विषय होता, म्हणजे इथेही आधी वाचलेलं आणि मग दिसलेलं.

वाचायचंच असेल तर जी. आर. एस. मीड या थिऑसॉफिस्ट अभ्यासकाचं १९०३ चं पुस्तक घ्या, येशू इसवी सनपूर्व १०० मध्ये झाला का याच प्रश्नावरचं. दिव्यदृष्टी असलेले आपले मित्र काय म्हणतात ते तो सांगतो, त्यांच्यावर त्याचा विश्वासही आहे, पण पुस्तकभर ताल्मुद आणि जुनी हस्तलिखितंच उलटीपालटी करून बघतो, आणि शेवटी ठाम निकाल देत नाही. मेंबर व्हायचा विचार असेल तरी १०५ मानायची सक्ती नाहीये, सोसायटीच्या जनरल कौन्सिलने १९२४ ला विचारस्वातंत्र्याचा ठरावच केलाय, कुठल्याही लेखकाचं मत, अगदी ब्लाव्हाट्स्कींचं सुद्धा, मेंबरवर बंधनकारक नाही.